माणिकचे हात

माणिकने हात लावला की लोखंड मेणासारखं वितळायचं. गिरणीने त्याला संपाच्या आधीच घरी बसवलं, आणि हातांची ही गोष्ट कळल्यावर मुलुंडच्या चाळीनेही हाकलून दिलं. अशा माणसांना वस्तीत कुणी ठेवून घेत नसे. शेवटी तिजोऱ्या फोडणाऱ्या एका टोळीने त्याला जवळ केलं, जेवायला शेजारी बसवलं. घाटकोपरच्या पेढीत पोलीस आले तेव्हा मात्र टोळी त्याला तिथेच टाकून पळाली.

लॉकअपचं कुलूप त्याने दुपारीच वितळवलं आणि पोलिसांची नजर चुकवून थेट बहिणीचं घर गाठलं.

"शेवंते, मी गं. आजच्या दिवस आत घे."

"जा रे बाबा! कोणी बघितलं तर घर जाळतील आमचं."

"तू पण माका घाबरतंस?"

दाराची कडी वितळवायला त्याला क्षणही लागला नसता. पण फटीतून त्याला शेवंती दिसली. कडी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरून ती रडत उभी होती. लोखंड तापलं असतं तर आधी तिचेच हात भाजले असते.

संध्याकाळी माणिक आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात परत आला. हवालदार काठी पुढे धरून लांबूनच ओरडला, "सुटला होतास ना? मग परत कशाला आलास?"

"इथलं दार तेवढं उघडं होतं, साहेब."