मागचा स्वे बार

"हा जाड बार घेतलात तर वळणावर गाडी कलणार नाही," मागच्या चाकांना जोडणारे जाड-बारीक असे दोन स्वे बार समोर ठेवत मेस्त्री म्हणाला, "पण मागं बसणाऱ्याला खड्डे जास्त लागतील. आईंच्या कमरेला सोसेल?"

त्या कमरेसाठीच निशिकांतने हा बेत कित्येक वर्षं पुढे ढकलला होता. "बसव की, माझ्यापायी मन कशाला मारतोस," आई मागच्या सीटवरून म्हणायची.

"जाडच बसवा," तो म्हणाला. "मागं आता कुणी नसतं."

मेस्त्रीने मान खाली घालून पाना उचलला.

संध्याकाळी कुंभार्ली घाटात गाडी एकाही वळणाला कलली नाही. घाट उतरताच स्पीडब्रेकर आला. निशिकांतने सवयीने वेग कमी केला, धक्का बसू नये म्हणून गाडी तिरकी घातली आणि मागे न बघताच म्हणाला, "आई, धर गं नीट."