लेसरवाला डॉक्टर

बारामतीच्या दवाखान्यात मनिषा शुद्धीवर आली तेव्हा पायथ्याशी आईच होती. कुशाबाई. लेकीचे पाय चेपत, बिरोबाला आळवत बसलेली. नवरा बिरू दाराशी उभा होता.

लग्नाला सात वर्षं झाली होती. थोरली बहीण सिंधू बाळंतपणात गेली, तिची दोन लेकरं उघडी पडली, तेव्हा आईनं धाकटी त्याच दाजीला, बिरूला दिली. कऱ्हाटीत त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. परकी बाई आणली असती तर तिनं का जीव लावला असता? मनिषानं लावला. पण पोटचं ते पोटचं. डोहाळजेवणाला बायका तिला ओटी भरायला पुढं होऊ देत नसत. फार लागायचं तिला ते.

शहाण्णव साली एक्स-रे काढला, तर दोन्ही गर्भनळ्या बंद. पुण्याचा डॉक्टर महिन्यातून एकदा बारामतीला येतो, लेसरनं नळ्या मोकळ्या करतो, असं कळलं, आणि तिनं बिरूच्या मागं टुमणंच लावलं. बिरू कबूल झाला. आडवी आली ती आई. दोन लेकरं हायत की, कशाला पोट फाडून घेतीस, म्हणून दोन दिवस जेवली नाही. आईची माया, दुसरं काय!

दुपारी डॉक्टर आले. बंद तुकडा लेसरनं कापून नळ्या पुन्हा जोडल्यात, म्हणाले, वर्ष-दोन वर्षांत पाळणा हलायला हरकत नाही. मनिषाला रडूच फुटलं. बिरू तर डॉक्टरांच्या पाया पडायला निघाला.

त्याला थांबवत डॉक्टरांनी विचारलं, "पण मूल व्हायच्या आधीच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन कशाला केलंत?"

"म्या न्हाय केलं," मनिषा म्हणाली. "लगीन ठरल्यावर इंदापुरात अपेंडिक्सचं झालं हुतं, तेवढंच."

"अपेंडिक्स जागेवर आहे तुमचं. दोन्ही नळ्यांवर रिंगा चढवलेल्या होत्या."

 मनिषानं बिरूकडं पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! इंदापूरला तिला एकच माणूस घेऊन गेलं होतं.

"आये?"

कुशाबाईनं मान वर केली नाही.

"तुला तुजी झाली असती," ती म्हणाली, "मग माज्या सिंधूच्या लेकरास्नी कुणी घास भरवला असता?"