खंडेनवमीचं ग्रीस

"ग्रीसशिवाय फिरवत राहायचं, बेअरिंग फुटेपर्यंत. ते फुटतानाचं रीडिंग नाही, तर प्रबंध नाही आणि एमटेकही नाही," सरांनी बजावलं होतं.

ऋजुता उन्हाळ्यापासून ते फुटण्याची वाट पाहत होती. काल ते करकरू लागलं, तेव्हा तिला आनंदानं रडूच आलं. वाढवून मिळालेली मुदत याच आठवड्यात संपत होती.

सकाळी ती धावतच लॅबमध्ये आली. खंडेनवमी होती. यंत्रांना झेंडूच्या माळा होत्या. लॅब सांभाळणाऱ्या शिर्केमामांनी हौसेनं तिचं यंत्र सुरू केलं. आवाजच नाही.

"कसलं ओरडत होतं बिचारं! पूजेआधी नवंकोरं बेअरिंग टाकलं, ग्रीस भरलं. आता वर्षानुवर्षं फुटायचं नाही."

मामांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

"पुढचा पेढा तुझ्या एमटेकचा, पोरी!"