सहा किलोमीटरची गोलकीपर

फायनलचा संघ निवडणारे सर फुटबॉलची मॅच संपल्यावर फरीदाबादला पोचले आणि थेट लॅपटॉपवर आकडे बघू लागले, तशी देवयानीची चुळबुळ वाढली. प्रत्येक मुलीच्या जर्सीत धाव मोजणारं चिमुकलं यंत्र असतं. देवयानीच्या लेकीची, गोलकीपर कृतिकाची, धाव निघाली सहा किलोमीटर. “गोल छोड़कर कहाँ घूम रही थी? फायनल में बाहर बैठेगी,” सर म्हणाले. कृतिका हातमोजे पिळत राहिली. झेप घेताना टोचतं म्हणून यंत्र तिने आईकडे दिलं होतं. “यार आई, गोलमागे चकरा नकोत,” असं बजावलंही होतं. देवयानीने पर्समधून यंत्र काढून टेबलावर ठेवलं. “सर, ये छह किलोमीटर मेरे हैं.” सर स्क्रीनमध्ये डोकावले. “और यहाँ आखिर में एकदम रुक गईं?” “पेनल्टी थी. इसने रोक ली. उसके बाद की रफ़्तार देखिए.”