दुसरी बरणी

ढीग काही पेटेना.

खालची तार लालभडक झाली, कडेची भुकटी काळी पडली, धुराची एक रेघ निघाली आणि सगळं गप्प. लॅबमधल्या काचेच्या कपाटाबाहेर उभ्या असलेल्या वहिनींनी घड्याळ थांबवलं आणि मागे स्टुलावर बसलेल्या दिराकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. तो ढिगाकडे बघतच नव्हता. तो त्यांच्याकडे बघत होता.

पावडर त्याच्याच कारखान्यातली. कपडे पांढरेशुभ्र करणारी, बाजारात जायला उतावीळ झालेली. एकच प्रश्न राहिला होता. ही ऑक्सिडायझर आहे का? म्हणजे स्वतः जळो न जळो, दुसऱ्याच्या आगीत तेल ओतणारी आहे का? ते बघायचं म्हणजे ती कागदी लगद्याच्या कोरड्या भुकटीत मिसळायची, ढीग करायचा, खाली तार तापवायची आणि लॅबच्या ठरलेल्या मिश्रणाशी तुलना करायची. त्या मिश्रणाइतकी किंवा त्याहून झटपट जळली, तर संपलं. मग गोदाम वेगळं, गाड्या वेगळ्या, परवाने वेगळे. दोघा भावांचा तो चिमुकला कारखाना त्या ओझ्याखालीच बसणार. नाही जळली, तर पावडर आहे तिथेच राहणार, कागदी पोत्यांच्या थप्प्यांना खेटून. आणि त्या थप्प्यांच्या मधोमध रोज पोती भरायला बसायची ती वहिनींची धाकटी जाऊ.

"घरचा नमुना आहे, दुसऱ्या कुणाला द्या," असं वहिनींनी साहेबांना सांगून पाहिलं होतं. साहेब हसले होते. "अहो, तुमच्याइतका संशयी माणूस मी आणू कुठून?" लॅबमध्ये आपल्याला पाठीमागे शंकासुर म्हणतात, हे वहिनींनाही ठाऊक होतं. म्हणेनात का! कारखान्यात नवऱ्याचीही निम्मी भागीदारी, पण सकाळी डबा हातात देताना तोसुद्धा म्हणाला होता, "तू तुझं काम चोख कर. घराचा विचार मनात आणू नकोस." त्या शब्दांनी त्यांना केवढा धीर आला होता.

दिराचं लक्षण मात्र काही ठीक दिसत नव्हतं. एका जागी कधी न टेकणारा माणूस सकाळपासून स्टुलाला चिकटला होता. पुढ्यातला चहा गार होऊन त्यावर साय धरली. नमुना पोचवून आपल्या कामाला जावं की नाही? तर हा मांडीवर पिशवी धरून बसलेला, आणि वहिनी जरा हलल्या की दचकतोय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

वहिनींनी बरणीचं झाकण पुन्हा उघडलं. आतून बोट फिरवलं, तर ओल. हातमोज्याच्या चिमटीत पावडर दाबली, तर तिची गोळी झाली. ओलं लाकूडही कधी धड पेटत नाही. ही बया कशी पेटणार होती?

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या बायकोच्या जिवाशी खेळ! आणि तोही वहिनीच्या हातून!

"भाऊजी, पावडर ओली आहे."

"असेल… हवेनं," तो पुटपुटला आणि त्यानं कपाळ पुसलं.

"हवेनं? हवेला काय नळ बसवलाय? मला कोरडी पावडर हवी. आत्ताच्या आत्ता."

त्यानं पिशवीत हात घातला, टॉवेलात गुंडाळलेली दुसरी बरणी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. वहिनी बघतच राहिल्या. म्हणजे तयारीनिशी आलाय की हा! दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे. खपली तर ओली, पकडलं तर कोरडी. याच माणसाला त्या इतकी वर्षं भोळा सांब समजत होत्या!

त्यांनी नवा ढीग केला आणि बटण दाबलं. तार नुसती लाल होते न होते तोच फर्रकन पांढरी ज्वाळा उठली, कपाटाची काच उजळून निघाली आणि बघता बघता ढिगाची राख झाली. लॅबचं मिश्रण तिच्यापुढे गोगलगाय. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणखी एकदा केलं, तरी तेच.

वहिनींनी चष्मा काढला.

"ऑक्सिडायझर आहे, आणि मी तसंच लिहिणार. कारखाना बुडाला तरी चालेल. तुम्ही माझ्याशी बोलणं टाका, येणं-जाणं तोडा. पण भाऊजी, बरणीत पाणी घालताना बायकोचा चेहरा तरी डोळ्यांपुढे आणायचा होता!"

दिरानं मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते, पण सकाळपासून चेहऱ्यावर असलेली भीती कुठल्या कुठे गेली होती.

"पाणी दादानं घातलं, वहिनी. माझ्यासमोर. त्यानं मला लहानाचं मोठं केलं, त्याला तोंडावर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. सकाळपासून इथे बसलोय, ते तुम्ही कोरडी कधी मागताय याची वाट बघत."