एकच तारा

"हे कोणी लिहिलंय?"

फव्वाज बेकनं फोन आपल्या कंपनीतल्या कुसैच्या नाकासमोर धरला. गेल्या आठवड्यात मृत समुद्राकाठच्या हॉटेलात सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद भरली होती. ऐकणाऱ्यांनी प्रत्येक भाषणाला पाचपैकी तारे द्यायचे आणि खाली शेरा लिहायचा, नाव न सांगता. फव्वाज बेकच्या भाषणावर पाच-पाच ताऱ्यांचा पाऊस पडला होता. त्यात हा एकच तारा, डोळ्यात गेलेल्या कुसळासारखा. खाली शेरा: 'वक्त्याला विषय येत नाही. तासभर स्वतःचे गोडवे गायले. कोडची एक ओळ लिहून दाखवा म्हटलं, तर लॅपटॉपचं झाकण मिटलं.'

अम्मानच्या ऑफिसातली सगळी माणसं उभी होती. वेलचीची कॉफी गार होत चालली होती, पण कपाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"आता बाकीचे ऐका," फव्वाज बेक म्हणाला आणि वाचू लागला. "'अशी बुद्धी शतकात एखादीच जन्मते.' 'फव्वाज बेकचं भाषण ऐकलं आणि डोळे उघडले.'" वाचता वाचता त्याचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. दर वर्षी हे असंच व्हायचं. यंदा तर काहींनी तो व्यासपीठावर चढायच्या आधीच पाच तारे देऊन टाकले होते. लोकांचा विश्वास म्हणतात तो हा, असं त्यानं घरी बायकोला सांगितलंही होतं.

पण झोप उडवली ती त्या एका ताऱ्यानं. मेव्हण्याच्या घरी कुनाफ्याच्या मिठाईचं ताट समोर आलं, तेव्हाही त्याला तो ताराच दिसला. हा बाहेरच्याचा घाव नव्हे, घरातलाच कुणीतरी उलटलाय, अशी त्यानं मनाशी खूणगाठ बांधली. भाषण चालू असताना कुसैनं दिलेली जांभई त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"बेक, मी नाही लिहिलं," कुसै म्हणाला.

"मग काय तुझ्या आजोबांनी कबरीतून उठून लिहिलं? माझं मीठ खातोस आणि माझ्याच ताटात थुंकतोस. उद्यापासून येऊ नकोस."

कुसैनं मान खाली घातली. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. आमंत्रणं वाटून झाली होती.

"त्यानं नाही लिहिलं," दीमा म्हणाली. कंपनी एका खोलीत होती, तेव्हापासून ती फव्वाज बेकबरोबर होती.

"मग कोणी? नाव सांग."

"नाव मला ठाऊक नाही."

"मग याची वकिली कशाला करतेस?"

"कारण त्याचा शेरा मीच लिहिला, त्याच्या फोनवरून. 'डोळे उघडले', तो." दीमानं एक श्वास घेतला. "दर वर्षी तुम्ही सांगता, आपली इज्जत राखा. आम्ही राखतो. जाताना बसमध्येच उरकून टाकतो, म्हणजे मग भाषणात डुलकी लागली तरी चिंता नाही."

फव्वाज बेकनं एकेकाकडे पाहिलं. जो तो आपल्या बुटांकडे पाहत होता. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. बराच वेळ तो फोनवर बोट वरखाली फिरवत राहिला. मग आधार सापडल्यासारखा त्याचा चेहरा जरा उजळला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुमचे तारे बाजूला ठेवू. पण बाहेरचीही माणसं होतीच की. त्यांचं काय मत पडलं, ते तर सांग."

दीमाला पहिल्यांदाच त्याची दया आली.

"बेक, तुमच्या भाषणाला बाहेरचा माणूस एकच आला होता."