भुलाबाईचा खाऊ

"ओळखा," म्हणत चतुराबाईनं झाकलेला डबा हलवला. आत खडखडलं.

भुलाबाईची गाणी आटोपली होती. आता खाऊ ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही, ही रीत. चतुराबाईनं तर मनातल्या मनात कौलच लावला होता. एका तरी पोरीनं नाव घेतलं, तर बादलीतलं बेणं उद्या तळ्यात सोडायचं. नाही तर तळंच सोडायचं.

"फुटाणे!"

"खारका!"

"अक्रोड!"

"अक्रोड? तुह्या बापानं पाह्यले काय अक्रोड?" शालू म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

चतुराबाईचा मुलगा प्रफुल दारात उभा होता. पायाला तळ्याचा चिखल तसाच. दिवसभर त्यानं जलपर्णी ओढून काठावर टाकली, पण वारा आला आणि मोकळं पाणी पुन्हा झाकून गेलं. खाली ऊनच पोचत नाही. शिंगाड्याचे वेल सडले. पार ढवळून दोन ओंजळी शिंगाडे मिळाले, अर्धे उकडून डब्यात आणि अर्धे बेण्यासाठी बादलीत.

"आपल्या तळ्यातलं हाय व," चतुराबाईनं सांगून टाकलं. खेळात असं सांगत नसतात.

"तळ्यात तं फुलं असतात, आजी," तिची नात अपेक्षा म्हणाली. भुलाबाईच्या पाटाभोवती तिनंच फुलं मांडली होती, जलपर्णीची, जांभळी. दिसत होती मोठी झकास, खोटं काऊन बोला.

"हरलो आमी!"

डबा उघडला. काळे, शिंगं असलेले शिंगाडे पाहून पोरी मागं सरकल्या.

"किडे हायेत काय व आजी?"

चतुराबाईनं एक सोलून अपेक्षाच्या तोंडात घातला. मग कोणाला घ्यायला सांगावं लागलं नाही. डबा बघता बघता रिकामा झाला.

चतुराबाईला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. मेलं काहीच वाटलं नाही.

"लय मस्त लागते! आजी, अजून हायेत?"

"हायेत." तिनं प्रफुलकडे पाहिलं. "बादलीतले उकडाले ठेव."

"आई, बेणं हाय ते."

"मालूम हाय मले. गॅस पेटव, पोरी थांबल्या हायेत."